गाडी एकाची, हौस गावाची

आमच्या दारव्हा तालुक्यात आयुष्यातली पहिली चारचाकी घेणाऱ्या माणसाच्या नावावर कर्ज चढते, विमा चढतो आणि नोंदणीच्या कागदावरही त्याचेच नाव लागते. परंतु ती गाडी दिसावी कशी, वाजावी कशी आणि तिच्या टपावर काय बांधले जावे, हे ठरवण्याचा अधिकार त्याच दिवशी गावाकडे वर्ग होतो. ट्रॅक्टर घेणाऱ्याला हा त्रास होत नाही, कारण ट्रॅक्टर हे काम आहे. चारचाकी ही हौस आहे, आणि खेड्यात हौस कोणी एकट्याने करीत नसते. मी अमरावतीहून एक वापरलेली, पांढरी, लहानशी गाडी आणली तेव्हा तिच्यात काही उणे असल्याचे माझ्या लक्षात आले नव्हते. पेढ्यांचा डबा रिकामा होण्याआधीच मला समजले की तिला पुढे लोखंडी गार्ड नाही, हॉर्नमध्ये दम नाही, काचा फारच पारदर्शक आहेत, चाके अगदी किरकोळ आहेत आणि डॅशबोर्डवर देव नाही.

चाकांचा प्रश्न पुतण्याने लावून धरला. तो यवतमाळला शिकतो, म्हणजे त्याचे नाव तिथल्या हजेरीपटावर आहे. प्रत्यक्षात त्याचे शिक्षण मोबाइलवर चालू असून विषय गाड्या हा आहे. कारखान्यातून आलेले १६५/८० आर १४ मापाचे टायर काढून सतरा इंची अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या, चाकांवर २०५/५० मापाचे टायर चढवावेत, म्हणजे गाडीला 'लुक' येईल, असे त्याचे म्हणणे होते. मी कागद घेऊन बसलो. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो, दुसरा आकडा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे ते सांगतो आणि 'आर'पुढचा आकडा रिमचा व्यास इंचांत सांगतो, एवढे कळले की पुढचे गणित चौथीतले आहे. माझ्या टायरची भिंत १३२ मिलिमीटरची निघाली आणि पुतण्याच्या टायरची जेमतेम १०२. म्हणजे खड्डा आणि रिम यांच्यामध्ये उभ्या असलेल्या रबरातून तीन सेंटिमीटर कमी करायचे, आणि तेही आमच्या फाट्यापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर, जिथे डांबर हा खड्ड्यांमधला अपवाद आहे. याच गाडीच्या महागड्या प्रकाराला कारखाना १८५/६५ आर १५ मापाचे टायर देतो. त्याचा एकूण व्यास ६२२ मिलिमीटर भरतो, माझ्याचा ६२०. त्यामुळे वेगाचा काटा खोटे बोलत नाही आणि टायर मडगार्डला घासत नाही. नवख्याने चाक बदलायचेच असेल तर एवढ्यावरच थांबावे. पुतण्याला मी हे सारे समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग काका, निदान लाल रंगाचे नट तं लावू ना?"

लोखंडी गार्डाचा आग्रह सोसायटीच्या एका माजी संचालकांनी धरला, आणि त्यांचे कारण पुतण्याच्या कारणाइतके हलके नव्हते. आमच्याकडे रात्री रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगाई, येतात, रानडुकरे येतात, आणि रोह्याला धडकलेली गाडी मी स्वतः पाहिलेली आहे. परंतु गाडीचा पुढचा भाग धडक बसताच चेपावा आणि धक्का स्वतःमध्ये जिरवावा, अशाच हिशेबाने बनवलेला असतो. त्याच्यापुढे लोखंडी पाइप लावला की धक्का न जिरता सांगाड्यात शिरतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकण्याची शक्यता निर्माण होते. समोर माणूस आला तर त्याचे हाल वेगळेच. म्हणूनच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र लिहून असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करण्यास सांगितले होते. मी हे पत्र संचालकांच्या कानावर घातले. ते बराच वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "पत्र बरोबर आहे, पण हे रोह्याले कोण सांगन?"

कायद्याचा विषय निघालाच होता, म्हणून मी चावडीवर सगळाच हिशेब मांडला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदेशीर फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी सोय करून ठेवली आहे. दर फेरफाराला पाच हजार हा भाव ऐकून चावडीवर प्रथमच शांतता पसरली, कारण जो तो मनातल्या मनात त्याचा कापूस किती होतो ते मोजू लागला. काळ्या फिल्मची हौसही तशीच गेली. एप्रिल २०१२ मध्ये न्यायालयाने काचेवर काळी फिल्म चिकटवण्यास बंदी केली. काच मुळातच अशी हवी की पुढून-मागून निदान सत्तर टक्के आणि बाजूने निदान पन्नास टक्के उजेड आरपार जाईल. अनेक सुरांत वाजणारा हॉर्न नियमात बसत नाही. नंबरप्लेटवरच्या आकड्यांतून 'दादा' वाचता आले पाहिजे, ही पुतण्याची शेवटची आशाही मावळली, कारण एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना कारखान्याकडूनच उच्च सुरक्षा पाटी मिळते आणि तिच्यावर कोणाची दादागिरी चालत नाही. वडील हे सारे ओट्यावरून ऐकत होते. ते म्हणाले, "पोळ्याच्या बैलाले एक दिवस झूल, बाशिंग अन् बेगड लावतेत, दुसऱ्या दिवशी उतरवतेत. हे पोट्टे गाडीले बारा महिने पोळा करतेत."

खरे काम ज्याला कळत होते तो मनुष्य तोपर्यंत एक शब्दही बोलला नव्हता. एस.टी.तून निवृत्त झालेले आमच्या गल्लीतले ड्रायव्हरकाका सायंकाळी आले, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला अंगठा लावला आणि दिवे लावायला सांगितले. दिव्यांवरचे प्लास्टिक उन्हाने पिवळे पडले होते. मे महिन्यात पारा कधी कधी ४५ च्या वर जातो अशा प्रदेशात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचे हेच होते, आणि मालक मात्र बल्बला दोष देत नवा, दुप्पट वॅटचा बल्ब आणतो. काकांनी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून ते प्लास्टिक घासले, वरून पॉलिश फिरवले, आणि जुन्याच बल्बचा उजेड समोरच्या शाळेच्या भिंतीवरचा पाढा वाचण्याइतका पडू लागला. मग त्यांनी मला एक सुटा रिले संच आणायला सांगितला. अशा बऱ्याच गाड्यांत कारखान्याच्या रचनेत दिव्याचा वीजप्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून लांबच्या बारीक तारांनी फिरून येतो आणि वाटेत थोडा मरतो. रिले लावला की स्विच केवळ हुकूम देतो आणि वीज बॅटरीतून थेट दिव्याला जाते. हा संच मूळ सॉकेटला जोडायचा असतो, त्यासाठी एकही तार कापावी लागत नाही, आणि उद्या नको झाला तर काढून ठेवता येतो. ६०/५५ वॅटचा साधा बल्ब यानेच इतका सुधारतो की कायदाही मोडत नाही आणि समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत. ज्या दिव्याची वाटी हॅलोजनसाठी घडवली आहे, त्यात बाजारचा एलईडी बल्ब खुपसणाऱ्यांविषयी काकांचे मत मला येथे छापता येणार नाही.

तरीही पहिल्याच रात्री माझा उजेड रस्ता सोडून बाभळीच्या शेंड्यांवर पडत होता. मागच्या आसनावर तीन मावश्या आणि डिक्कीत त्यांचे सामान होते, त्यामुळे गाडीचे नाक वर झाले होते. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला शून्यापासून पुढचे आकडे लिहिलेले एक लहान चाक असते; मागे वजन वाढले की ते फिरवून उजेड खाली आणायचा असतो. हे चाक बहुतेक गाड्यांत फुकट मिळते आणि बहुतेक मालक ते आयुष्यभर शून्यावरच ठेवतात. मी ते फिरवले. उजेड खाली आला आणि सर्वांत वयस्कर मावशी म्हणाल्या, "राहू द्या बाप्पा, रस्त्यापेक्षा झाडंच बरी दिसत होती."

बाकीच्या उपयोगी वस्तूंची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण त्यांच्याकडे कोणी पाहतसुद्धा नाही. आरशांवर चिकटवायचे गोल बहिर्वक्र आरसे, काळ्या मातीचा गारा उडू नये म्हणून मडफ्लॅप, बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवा भरण्याचा पंप, ट्यूबलेस टायरचा पंक्चर संच, आणि उन्हात उभ्या गाडीच्या पुढच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा. रबरी मॅट घेतली तर चालकाच्या बाजूची मॅट हुकात अडकवलेली पाहिजे, नाहीतर ती सरकत जाऊन ब्रेकखाली मुक्काम करते. एवढे सगळे घालूनही गाडी गावाच्या दृष्टीने पूर्वीइतकीच बोडखी राहिली.

देवाचा प्रश्न मात्र आईचा होता, आणि तेथे कलमे चालत नाहीत. आईला गजानन महाराजांची पितळी मूर्ती डॅशबोर्डवर, बरोबर डाव्या बाजूला हवी होती. तेथे झाकणाखाली दुसरी एअरबॅग आहे. ती उघडते तेव्हा डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ घेत नाही आणि तिच्या वाटेत पितळी मूर्ती असेल तर ती मूर्ती शेजारी बसलेल्याच्या तोंडावर येईल. आणि आमच्या घरी शेजारी नेहमी आईच बसते. आईने विचारले, "महाराज असल्यावर फुगा कायले लागते?" या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून तडजोड झाली. मधल्या भागात, एअरबॅगपासून दूर, महाराजांचे चिकटवायचे चित्र आले आणि मूर्ती देव्हाऱ्यात परत गेली. आई अजूनही शेगावच्या वाटेला लागताना त्या झाकणाकडे संशयाने पाहते.

माझ्या परवानगीवाचून गाडीत फेरफार केला तो केवळ उंदरांनी. भाव वाढेल या आशेवर कापूस घरात भरून ठेवण्याची आमच्याकडे रीत आहे, आणि गाडी त्याच खोलीला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये उभी राहते. उंदरांनी कापूस इंजिनात नेला, बॅटरीशेजारी गादी घातली आणि रात्रीच्या करमणुकीसाठी तारांची सालटे काढली. कलम ५२ त्यांना लागू नाही. यावर गावात तंबाखूच्या पानांपासून मंत्रापर्यंत सगळे उपाय सुचवण्यात आले. खालून बारीक जाळी लावणे आणि रात्री बॉनेट उघडे ठेवून शेडमधला दिवा जळता ठेवणे, एवढे दोन मला लागू पडले, कारण उंदराला अंधार आणि आडोसा लागतो. परंतु उघड्या बॉनेटची गाडी रोज सकाळी पाहून जाणारे येणारे विचारू लागले, "आज पुन्हा बिघडली का?"

सर्वांत शेवटी मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, टपावर कॅरिअर बसवण्याचा विषय काढला. कॅरिअर नोंदणीत विसंगती आणत नाही, असे त्यांनी कोठूनतरी ऐकून ठेवले होते. मी मालकपुस्तिका उघडून दाखवली. अशा लहान गाडीच्या टपाला पन्नास किलोच्या आसपास मर्यादा असते आणि कॅरिअरचे स्वतःचे वजनही त्यातच धरायचे असते. वर भार वाढला की वळणावर गाडी झुकते. मोठेबाबांनी लगेच हिशेब केला. तुरीचा एक कट्टा पन्नास किलोचा, म्हणजे टपावर कट्टा बसत नाही. मग डिक्कीत दोन आणि मागच्या आसनावर तीन. मी सांगितले की गाडीत एकूण किती वजन चालते तेही त्याच पुस्तिकेत लिहिलेले आहे आणि त्यात माणसेही मोजतात.

"माणसंही?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुहं वजन किती आहे रे?"

"बहात्तर किलो."

"म्हंजे दीड कट्टा," मोठेबाबा म्हणाले. "गाडी पुतण्या चालवन. तू एस.टी.नं ये."