गटप्रकल्पातले भांडण वर्गातच व्हावे

पुतणीच्या गटप्रकल्पाची प्रतिकृती आपण रात्री जागून पूर्ण केली, असे माझ्या भावाने मला फोनवर सांगितले तेव्हा त्याच्या स्वरात तक्रार होती आणि थोडासा अभिमानही होता. गटात पाच मुले असूनही काम दोन घरांतल्या वडीलधाऱ्यांनी केले आणि गुण मात्र पाचही जणांना सारखेच मिळाले. मायदेशात गटप्रकल्पांवरून वाद झाला की एक बाजू असेच दाखले देऊन ते बंद करा म्हणते. दुसरी बाजू २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाकडे बोट दाखवते, कारण त्या धोरणातल्या प्रगतिपत्रकात स्वमूल्यमापन आणि सहाध्यायींनी केलेले मूल्यमापन यांनाही जागा आहे.

मी अमेरिकेत राहतो आणि इथे मुलांना सगळे आपोआप जमते, हा समज मला खोडून काढावासा वाटतो. माझ्या मुलीनेही एक प्रकल्प मध्यरात्रीपर्यंत एकटीने लिहिला आहे. तो सामाईक संगणकीय दस्तऐवजात असल्यामुळे कोणी किती ओळी लिहिल्या हे शिक्षकांना दिसत होते. पण त्यातून फार तर पहारा साधतो, सहकार्य नव्हे. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढेल तसा प्रत्येकाचा सरासरी जोर घटत गेल्याचे दिसले होते. दोर ओढणारी माणसे प्रौढ होती, तेव्हा केवळ आजच्या मुलांना आळशी ठरवण्यात अर्थ नाही. कामाची रचनाच तशी असेल तर माणसे अंग काढून घेतात.

रचना बदलता येते, हे टेक्सासमधील ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने दाखवले. तिथल्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले नुकतीच एकत्र आली होती आणि वर्गांत तणाव होता. त्याने धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक दिला. तोच तुकडा मिळालेल्या इतर गटांतल्या मुलांबरोबर तो समजून घ्यायचा आणि मग परत येऊन आपल्या गटाला शिकवायचा. अडखळत बोलणाऱ्या मुलाची टर उडवली तर त्याच्याजवळचा भाग आपल्यालाच कळणार नाही, हे मुलांच्या लवकर ध्यानात आले. परीक्षा मात्र ज्याची त्याने द्यायची होती. सर्वांना सारखे गुण वाटण्याच्या आपल्या पद्धतीत नेमकी हीच गोष्ट हरवते.

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की सारे काम वर्गात, शिक्षकांच्या डोळ्यांसमोर चालते. माझ्या मुलीच्या एका शिक्षिका गटात वाद पेटला की लगेच मध्ये पडत नसत; काही वेळाने त्या प्रत्येकाला समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायला लावत. हा प्रसंग घरी, पालकांच्या देखरेखीखाली घडला असता तर मोठ्यांनी तो मिटवून टाकला असता. २०१५ च्या पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सहकार्याने प्रश्न सोडवण्याचे कौशल्य तपासले गेले, तेव्हा सहभागी झालेल्या प्रत्येक देशात मुली मुलांच्या पुढे होत्या. मुलींचे कौतुक आहेच. परंतु माझ्या पाहण्यात गटाची टिपणे मुलीच लिहितात आणि सादरीकरणाला मुलगा उभा राहतो. त्यामुळे कामे आळीपाळीने बदलायला हवीत.

मोठ्या वर्गांत हे जमणार नाही, हा आक्षेप खरा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा; चार-चार जणांचे गट केले तरी ते नऊ होतात आणि नऊ ठिकाणचे संवाद एकाला ऐकता येत नाहीत. तरीही आठवड्यातील एक तासिका राखून दर खेपेस दोन-तीन गटांजवळ बसता येईल, आणि घरी करायचा मोठा प्रकल्प तेवढ्यासाठी कमी केला तरी चालेल.

पुढच्या वेळी प्रतिकृतीला हात लावू नकोस, असे मी भावाला सांगितले. त्यावर त्याने विचारले, ‘‘आणि तिचे गुण गेले तर?’’ पुतणीच्या शाळेत अजून तरी गुण तयार प्रतिकृतीलाच मिळतात, त्यामुळे मला त्याला आग्रह करता आला नाही.