‘एका पेगनं काय होतंय?’ या मेसेजला उत्तर

डिसेंबर अर्धा सरला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला. तालमीच्या, शाळेतल्या दोस्तांच्या आणि भावकीच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘ज्यानं सोडलीय त्याला थर्टी फर्स्टला एकटं पाडू नका. सहा महिने सोडली म्हणजे कंट्रोल आलाय. वर्षातनं एक पेग घेतल्यानं काय होत नाही. नायतर बियर द्या, बियर म्हणजे काय दारू न्हवं. थंडीत अंग गरम ऱ्हातंय. एकदम बंद केली तर उलट तब्येत बिघडते. लईच लाजत असंल तर कोल्ड्रिंकमध्ये जरा टाका, मूड येतोय.’

पाठवणाऱ्यांत माझे जिवाभावाचे दोस्त आहेत. त्यांच्या मनात वाईट नाही हे मला ठाऊक आहे, म्हणूनच गप्प बसवत नाही. मी मद्यपी आहे. गेली सात वर्षं घेतलेली नाही.

शेवटच्या ओळीपासून सुरू करतो, कारण तिच्यानं माणूस मरू शकतो. दारू सोडलेल्यांपैकी काहीजण डॉक्टरांच्या सल्ल्यानं डायसल्फिरामची गोळी घेतात. ही गोळी चालू असताना दारू पोटात गेली, तर शरीरात तिचं विघटन अर्ध्यावरच अडतं आणि ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य रक्तात साठतं. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या सुटतात, रक्तदाब उतरतो. हृदय कमजोर असलं तर माणूस दगावूही शकतो. गोळी थांबवल्यावरही साधारण दोन आठवडे हा धोका राहतो. तुमचा दोस्त गोळीवर आहे की नाही, हे तुम्हाला कुठं माहीत असतं? आणि आयाबहिणींनाही हात जोडून सांगतो, नवऱ्याच्या चहात ही गोळी गुपचूप मिसळू नका. ती त्याला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

बियरचा हिशोब तर पाटीवर मांडता येतो. ६५० मिलीची बाटली, ५ टक्क्यांची, म्हणजे आत साडेबत्तीस मिली शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग, ४२.८ टक्क्यांचा, म्हणजे पावणेसव्वीसच्या आत. एक साधी बियर लार्ज पेगाला मागं टाकते. ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर एका बाटलीत दोन लार्ज झाले.

थंडीचं म्हणाल, तर दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. वरून ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते. शेकोटी आणि घोंगडं बरं.

‘एकदम बंद केली तर तब्येत बिघडते’ यात मात्र खरं आहे, आणि ते नीट सांगायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवली, तर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस भिंतीशी बोलायला लागतो. ते जिवावर बेतू शकतं, म्हणून अशा माणसाची दारू दवाखान्यात सोडवावी. पण ही गोष्ट आज पिणाऱ्याची आहे. सहा महिने कोरड्या असलेल्या माणसाला ती लागू नाही. उलट इतक्या महिन्यांत त्याची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुनं माप त्याला जास्त चढतं.

आता तो ‘एक पेग’ आणि तो ‘कंट्रोल’.

एकदा मला दारू सोडून चौदा महिने झाले होते. कागलच्या बाजूला दोस्ताच्या मळ्यात बसलो होतो. उसाला तोड आलेली, चुलीवर तांबडा रटरटत होता. एकानं स्टीलच्या ग्लासात बियर ओतून माझ्यापुढं धरली. ‘घे की भावा, चौदा महिने झाली की आता.’ अर्धा ग्लास घेतला. काहीच झालं नाही. जेवलो, घरी आलो, झोपलो.

ते ‘काहीच झालं नाही’ हेच घात करून गेलं. दोन दिवसांनी मन म्हणालं, बघ, जमतंय की. संक्रांतीला क्वार्टर झाली. फेब्रुवारीत खिशात निप असायची. होळीच्या सकाळी शर्टाचं वरचं बटण लागेना, इतके हात थरथरत होते. सहा वर्षांच्या लेकीनं स्टुलावर चढून ते लावून दिलं. तिची जीभ दातांत धरलेली होती, चित्र रंगवताना धरायची तशी. त्यानंतर मी दवाखान्यात भरती झालो.

दारू थांबणं आणि दारूवर ताबा येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूला जडलेली सवय महिने मोजून पुसली जात नाही. ओळखीचा वास, बूच उघडल्याचा आवाज, तीच चार माणसं, एवढ्यानं ती जागी होते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संस्था ज्या दोघांनी अमेरिकेत सुरू केली, त्यांतले डॉ. बॉबही दारू थांबवल्यावर काही आठवड्यांतच डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेले आणि तिथं प्यायले. परत आल्यावर १० जून १९३५ ला त्यांनी शेवटची घेतली, आणि तोच दिवस संस्थेचा स्थापना दिवस मानतात.

पहिली ओळ उरली. ‘एकटं पाडू नका.’ ही मला शंभर टक्के मान्य आहे. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपासून जपा असं आम्हाला मीटिंगमध्ये पहिल्यापासून सांगतात. पण सोबत म्हणजे ग्लास नव्हे. मळ्यातला तो दोस्त आता मला ३१ तारखेला दुपारी एकला जेवायला बोलावतो. तांबडा-पांढरा पोटभर होतो, पोरं पत्ते कुटतात आणि बाटल्या निघायच्या आत मी माझ्या गाडीवरनं निघतो. गाडी स्वतःची असावी, म्हणजे ‘सोडतो की नंतर’ म्हणत कुणी अडकवत नाही. त्याच्या बायकोला मी सांगून ठेवलंय, मी उठलो की आग्रह करू नका. तलफ आलीच तर ती बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ फोनवर कुणीतरी हवं. रात्री कुणीच नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे.

यंदा ३१ ला संध्याकाळी सहाला आमच्या ग्रुपची जादा मीटिंग ठेवलीय. ती सुटली की सगळे कोल्हापूरच्या गंगावेशीत कट्ट्यावर जाणार आहोत, समोर पिळलेलं म्हशीचं दूध प्यायला. ज्याचे आठ दिवस झालेत त्यानंही यावं, ज्यानं काल घेतली त्यानंही यावं. मला मेसेज टाका, मी न्यायला येतो.