गुडघे आडवे करून बसण्याची चार वर्षं

मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यायची, वेळ झाली की अख्खं बाक उठतं. ज्याला जायचं नसतं तो गुडघे एका बाजूला वळवून बसतो, म्हणजे बाकीच्यांना सरकायला वाट मिळते. हे मी चार वर्षं केलं. दर रविवारी. इतकं सवयीचं झालं होतं की गायनमंडळाने कम्युनियनचं गीत सुरू केलं की पाय आपोआप वळायचे.

लिहू की नको असं वर्षभर चाललं होतं. आमची वसई छोटी आहे. निर्मळच्या जत्रेत शिंकलं तर पापडी गावाला कळतं. पण आता लिहितेच.

माझं लग्न 2008 चं. आमच्याकडच्या लग्नांसारखंच: मांडव, ब्रास बँड, इंद्याल, दोन दिवस न झोपलेले काका. 2016 मध्ये मी मुलीला घेऊन माहेरी आले. का आले ते इथे लिहिणार नाही. तो माझ्या मुलीचा बाप आहे आणि तिचंही फेसबुक पुढेमागे होईलच. दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज केला 2018 मध्ये, निकाल 2019 मध्ये. मधली दोन वर्षं का, असं ऑफिसातल्या हिंदू मैत्रिणी विचारायच्या, कारण त्यांच्या कायद्यात वर्षभर वेगळं राहिलं की अर्ज करता येतो. आमचा ख्रिस्ती लोकांचा कायदा 1869 चा. त्यात परस्परसंमतीचं कलम आलं तेच 2001 मध्ये आणि तिथे दोन वर्षं लिहिली आहेत. अर्ज केल्यावर आणखी किमान सहा महिने थांबायचं ते वेगळंच.

2001 च्या आधीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. नवऱ्याला घटस्फोट हवा असेल तर बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला हवा असेल तर नुसता व्यभिचार पुरायचा नाही. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून देणं, असं काहीतरी सिद्ध करावं लागायचं. माझ्या आईची एक चुलत बहीण तीस वर्षं माहेरी राहिली, ना सोडलेली ना नांदवलेली. केळीच्या बागेत राबली, भावाची पोरं वाढवली, लग्नकार्यात मागच्या रांगेत बसली. तिने कधी कोर्टाची पायरी चढली नाही. आता कळतं, चढून उपयोग काय होता!

तर माझ्या चार वर्षांबद्दल.

अर्ज दाखल केला त्या आठवड्यापासून मी कम्युनियन घेणं बंद केलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. फादरांनी नाही, आईने नाही. हे 'सगळ्यांनाच माहीत असतं' ना. घटस्फोट घेतला की ख्रिस्तप्रसाद नाही. लहानपणापासून कुणाकुणाबद्दल ऐकलेलं, मावश्यांच्या कुजबुजीत, अंत्यविधीनंतरच्या चहात. एक नातेवाईक बाई मात्र अधूनमधून व्हॉट्सअॅपवर वचन पाठवायच्या: बायबलमधलं मलाखीचं पुस्तक, दुसरा अध्याय, देवाला सोडचिठ्ठीचा तिटकारा आहे. खाली हात जोडलेले आणि गुलाब.

मला देवाचा राग आला नव्हता. लोकांना वाटतं श्रद्धा जाते म्हणजे माणूस आभाळाकडे बघून ओरडतो. माझं तसं काही झालं नाही. प्रार्थना तोंडातून येईनाशी झाली, एवढंच. संध्याकाळी साडेसातला आई रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू करायची आणि मला नेमका तेव्हाच भात लावायचा असायचा. रोज. आईने एकदाही बोलावलं नाही. ती फक्त आवाज थोडा वाढवायची, स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढा. आमच्या घरात ती हे हत्यार सगळ्यांवर वापरते.

मग कोरोना आला. चर्च बंद झालं, मिस्सा मोबाईलवर. पडद्यावर फादर एकटे उभे, समोर रिकामी बाकं, आणि कम्युनियन कुणालाच नाही. सगळं गाव उपाशी! खरं सांगते, मला बरं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मी सगळ्यांसारखी होते. या वाक्याची मला लाज वाटते, पण राहू दे.

2022 मध्ये मुलीची पहिली कम्युनियन होती. त्याआधी कॅटेकिझम (धर्मशिक्षण) शिकवणाऱ्या एका सिस्टरनी पालकांना एकेकटं बोलावलं. त्या दिवशी कुठे बसायचं, पांढरे बूट कुठे मिळतात वगैरे झालं. मग म्हणाल्या, मुलीसोबत आईबाबांनीही कम्युनियन घ्यावी, आधी कन्फेशन (पापांची कबुली) करून या. मी म्हटलं, सिस्टर, मला नाही घेता येत, माझा घटस्फोट झालाय.

त्यांनी विचारलं, "दुसरं लग्न केलंय?"

"नाही."

"कुणासोबत राहता?"

"आईसोबत."

"मग?"

बस, एवढंच. 'मग?' चार वर्षं मी ज्या भिंतीला टेकून बसले होते ती भिंत नव्हतीच. सिस्टर पुढच्या पालकांना बोलवायला उठल्यासुद्धा.

घरी येऊन मी शोधायला बसले. बँकेत आहे, परिपत्रक वाचल्याशिवाय आम्ही शिक्का मारत नाही, आणि माझ्या स्वतःच्या आत्म्याचं परिपत्रक मात्र मी कधी उघडलं नव्हतं. चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथ, 1992 चा, परिच्छेद 2386: नागरी कायद्याने झालेल्या घटस्फोटात एखादा जोडीदार निर्दोष बळी असू शकतो आणि अशा माणसाने नीतिनियम मोडलेला नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 मध्ये कुटुंबावर जे प्रबोधनपत्र लिहिलं त्याचा परिच्छेद 83: घटस्फोट झाला पण पुन्हा लग्न केलं नाही, अशांना चर्चचे संस्कार (कम्युनियन त्यातलाच एक) घ्यायला कसलाही अडथळा नाही. 1981! तेव्हा माझ्या आईचंही लग्न झालं नव्हतं.

चर्चच्या कायद्याचं कलम 1153 वाचलं तेव्हा तर मी चष्मा काढून पुसला. जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं व्हायला ते रास्त कारण आहे. एरवी बिशपांच्या परवानगीने, पण उशीर करण्यात धोका असेल तर स्वतःच्या निर्णयानेही. शरीराला *वा मनाला*. हे लग्नाआधीच्या शिबिरात कुणी का सांगत नाही? आम्हाला तिथे अंदाजपत्रक कसं करायचं ते शिकवलं, कुटुंबनियोजनाच्या नैसर्गिक पद्धती शिकवल्या, सासूशी कसं बोलायचं त्यावर एक विनोदी तास झाला. कलम 1153 नाही. कदाचित भीती असेल की दार दाखवलं तर लोक बाहेर पडतील. पण माहेरी परत आलेल्या कुठल्या बाईने कायदा वाचून घर सोडलंय?

आता त्या मलाखीबद्दल. व्हॉट्सअॅपवर यायची ती अर्धी ओळ होती. त्याच वचनाच्या उरलेल्या अर्ध्यात, आपलं वस्त्र जुलमाने झाकून घेणाऱ्याचाही तितकाच तिटकारा आहे. हा भाग गुलाबाखाली मावत नसावा. आणि यिर्मया 3:8 मध्ये देव स्वतः म्हणतो की मी इस्राएलला सूटपत्र, म्हणजे सोडचिठ्ठी, देऊन पाठवून दिलं. म्हणजे मोडलेल्या लग्नाचं दुःख काय असतं हे त्याला बाहेरून सांगायची गरज नाही. हे वाचलं त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी त्याच्याशी बोलले. प्रार्थना नव्हती ती, भांडण होतं. चार वर्षांचा हिशेब.

'देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये' हे तर प्रत्येक लग्नात ऐकतो. पण ते कुणाला उत्तर म्हणून आलंय? परूशी, म्हणजे त्या काळचे धर्मनियमांचे कट्टर लोक, येशूला विचारतात, नवऱ्याने कोणत्याही कारणावरून बायकोला सोडणं योग्य आहे का? त्या काळी काही गुरूंच्या मते बायकोने जेवण करपवलं तरी ते कारण चालायचं. त्या पुरुषांना येशूने सांगितलं, नाही, बाई म्हणजे परत करायचा माल नव्हे. माझ्या समजुतीप्रमाणे ते वाक्य बाईच्या बाजूचं आहे. तेच वाक्य घेऊन आपण बायकांना परत पाठवतो, समजुतीने राहा म्हणून. (धर्मशास्त्र शिकलेल्यांनी मला जरूर दुरुस्त करावं, पण आधी ते प्रकरण पुन्हा वाचून यावं.)

आणि ती विहिरीवर येशूला भेटलेली शोमरोनी बाई. उपवासकाळात तिच्यावर प्रवचन झालं की 'पापी स्त्री' हा शब्द ठरलेला. योहानाचा चौथा अध्याय उघडा. येशू तिला म्हणतो, तुला पाच नवरे होते आणि आता आहे तो तुझा नवरा नाही. पाप हा शब्द तो त्या संभाषणात उच्चारत नाही, क्षमाही करत नाही. ती विधवा झाली असेल, टाकली गेली असेल, पाचांपैकी किती मेले कुणास ठाऊक. आमच्या बावखळावर, म्हणजे वाडीतल्या तळ्यावर, भरदुपारी एकटीच पाणी भरायला येणाऱ्या बाईबद्दल माझ्या आजीच्या पिढीने काय काय बोलून घेतलं असेल याची मला कल्पना आहे. तो मात्र तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

हे सगळं वाचून श्रद्धा परत आली असं नाही. माहितीने राग येतो, आणि राग ही बरी सुरुवात असते इतकंच. रोजरी परत आली ती वेगळ्या वाटेने. एके संध्याकाळी मी कणीक मळत होते, बाहेर आई 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग म्हणत होती आणि उत्तराला कुणीच नव्हतं, मुलगी क्लासला गेलेली. आई पहिला भाग म्हणायची आणि थांबायची. मग दुसराही स्वतःच म्हणायची, दमलेल्या आवाजात. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी आतून 'पवित्र मारिये' म्हटलं. हात पिठात. आईने ताल सोडला नाही, काही दाखवलं नाही. पाचही दशके, म्हणजे दहा-दहा 'नमो मारिया', आम्ही अशीच म्हटली, ती ओटीवर, मी ओट्यापाशी. अजून पहिला अर्धा भाग मला सुरू करता येत नाही. उत्तर देता येतं.

जुनी श्रद्धा तशीच्या तशी मिळाली नाही, आणि मला ती नकोय. त्या श्रद्धेत नीट वागलं की नीट होतं असा व्यवहार होता. आता माझं आवडतं स्तोत्र 88 वं आहे. ते अंधारात संपतं, शेवटी कुठलीही समजूत नाही, तरी ते बायबलमध्ये आहे. कुणीतरी ते वगळायला हवं होतं आणि वगळलं नाही, यावर माझा बराच विश्वास उभा आहे.

मैत्रिणी विचारतात, चर्चच्या विवाह न्यायालयात का जात नाहीस? बऱ्याच जणांना वाटतं तो चर्चचा घटस्फोट. नाही. तिथे तपासतात की लग्नाच्या दिवशी ते बंधन मुळात निर्माण झालं होतं का. नसेल तर तसं जाहीर करतात. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ती पद्धत सोपी केली, पूर्वी दोन निकाल जुळावे लागायचे, आता एक पुरतो, आणि शक्य तिथे खर्च घेऊ नये असंही सांगितलं. मुलं त्यामुळे अनौरस ठरत नाहीत, कलम 1137 तसं स्पष्ट म्हणतं. ही भीती घालणाऱ्यांना ते कलम दाखवा. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा: चर्चच्या निकालाने सरकारदरबारी लग्न संपत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येही तेच सांगितलं. कोर्टात जावंच लागतं.

ज्यांना गरज आहे त्यांनी जरूर जावं, ती पळवाट नाही. मी गेले नाही, कारण मला खोटं लिहावं लागेल. आमचं लग्न झालं होतं. पहिली चार वर्षं ते चांगलंही होतं, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पावसात भिजत आम्ही भजी खाल्ली आहेत. ते झालं, आणि मग मोडलं. चर्चच्या हिशेबात मी आजही विवाहित आहे, दुसरं लग्न करू शकत नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी हे सोपं आहे असं म्हणणार नाही. उद्या विचार बदलला तर बदलेन. पुन्हा लग्न केलेल्यांचा प्रश्न माझ्यापेक्षा कितीतरी अवघड आहे आणि त्यांच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही, पण तेही बहिष्कृत नाहीत असं पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, एवढं तरी गावकीत पोचायला हवं होतं.

माझी मागणी छोटी आहे. वर्षातून एकदा, कुटुंबाच्या सणाच्या रविवारी, आल्तारावरून (वेदीवरून) दोन वाक्यं. घटस्फोट झालेल्यांना, पुन्हा लग्न केलं नसेल तर, इतर सगळ्यांसारखीच कम्युनियन घेता येते. शंका असेल तर येऊन बोला. झालं. आमच्या पॅरिश कौन्सिलमधल्या, म्हणजे चर्चच्या समितीतल्या, एकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "बघू, विषय नाजूक आहे."

गेल्या महिन्यात सहाच्या मिस्साला माझ्या दोन बाकं पुढे एक बाई बसून राहिली. गुडघे उजवीकडे वळवलेले, नजर खाली. कारण काहीही असेल. कम्युनियनआधी तासभर काही खायचं नसतं, तिने चहा घेतला असेल. माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान होती. मिस्सा संपल्यावर मी तिच्यापर्यंत जाणार होते, पण विषय नाजूक आहे, नाही का? पर्समध्ये स्कूटरची किल्ली शोधत मी बाहेर पडले.

ती पुन्हा दिसलेली नाही. ही पोस्ट तिच्यापर्यंत पोचली तर: रविवारी सहाच्या मिस्साला मी डावीकडच्या दुसऱ्या खांबाजवळ असते, निळी स्कूटर, बाहेर आंब्याखाली लावलेली.