सगळं हिरवंगार आहे, राजेहो!

सर्व्हर मॉनिटरिंगचं टूल निवडायचं ठरवलंत? मग आधी टीव्ही घ्या. पंचावन्न इंची. टूलचं नंतर बघू. हा टीव्ही सर्व्हर रूममध्ये लावायचा नाही, तिथे बघायला जातं कोण? तो रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर, गणपतीच्या फोटोशेजारी लावायचा. आमच्या नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत पुण्या-मुंबईचा क्लायंट आला की त्याला आधी तर्री-पोहे खाऊ घालायचे आणि मग हा टीव्ही दाखवायचा. दोन्ही ठिकाणी रंग चांगला उतरला पाहिजे. तर्री लाल, टीव्ही हिरवा, म्हणजे सगळे सर्व्हर ठणठणीत.

टीव्ही लागला की टूलकडे वळा. इथे एखादा आगाऊ माणूस विचारेल, 'तुम्हाला नेमकं कशावर लक्ष ठेवायचं आहे?' त्याला चहा पाजा, पण उत्तर देऊ नका. डिस्क किती भरली, कालचा बॅकअप खरंच झाला का, दोन डोमेन कंट्रोलर (ऑफिसची लॉगिनची वही, म्हणजे डिरेक्टरी, सांभाळणारे सर्व्हर) एकमेकांशी बोलतात का, अशी यादी करायला बसलात की अर्धा दिवस जातो. आणि यादी संपेपर्यंत कळतं की तिच्यातल्या निम्म्या गोष्टी आताच बिघडलेल्या आहेत. सुखाचा जीव दुःखात कशाला घालायचा?

त्यापेक्षा नावावरून निवडा. नागिऑस घ्या. हे १९९९ मध्ये 'नेटसेंट' (सेंट म्हणजे संत) या नावाने निघालं. पुढे ट्रेडमार्कची भानगड होईलसं दिसलं, म्हणून नाव बदललं, आणि नव्या नावाची फोड करणाऱ्यांनी गमतीत अशी केली की 'नागिऑस संतपणाचा हट्ट धरणार नाही'. आपल्याला काय, नावात नाग आहे, गावात नाग नदी आहे, पत्रिका जुळली. त्याची सगळी मांडणी साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये लिहावी लागते आणि एक महिरपी कंस बंद करायचा राहिला तर गडी जागचा हलत नाही, हे लग्नानंतर कळतं.

झॅबिक्स लाटव्हियाचं. चांगलं आहे आणि फुकट आहे, म्हणजे साहेबांच्या लेखी बाद. फुकटची वस्तू बंद पडली तर झापायचं कोणाला? पीआरटीजी जर्मनीचं, न्यूरेंबर्गचं. त्याचे पहिले १०० सेन्सर फुकट. साहेबांना सांगताना '१०० सर्व्हर फुकट' असं सांगा. प्रत्यक्षात एका सर्व्हरचा प्रोसेसर हा एक सेन्सर, मेमरी दुसरा, सी ड्राइव्ह तिसरा, डी ड्राइव्ह चौथा. एका खोक्याला दहा कधी लागतात ते समजतही नाही. कळमन्याला संत्र्याची पेटी आपण वरचा थर बघूनच घेतो ना? तसंच हे.

ठरतच नसेल तर तिन्ही बसवा. तिघं एकमेकांवर लक्ष ठेवतील.

बसवल्यावर फक्त पिंग, म्हणजे सर्व्हरला मारलेली 'आहेस का?' ही हाक, तपासा. पिंगला उत्तर आलं म्हणजे सर्व्हर जिवंत. सी ड्राइव्हवर शून्य बाइट उरले असले तरी तो पिंगला उत्तर देतो, बॅकअप तीन महिन्यांपासून फेल होत असला तरी देतो, डिरेक्टरीची सेवा बंद पडली असली तरी देतो. इतका विनम्र कर्मचारी तुमच्या अख्ख्या कंपनीत दुसरा नसेल. त्याला जास्त प्रश्न विचारून त्याचा अपमान करू नका.

अलर्ट मेलवरच घ्या. मेल सर्व्हर बंद पडला तर 'मेल सर्व्हर बंद पडला आहे' हा मेलही त्याच मेल सर्व्हरवर येईल, आणि सर्व्हर सुरू झाला की व्यवस्थित पोचेल. उशिरा का होईना, माहिती मिळाल्याशी मतलब. शिवाय कसल्याही अलर्टला सीमा घालू नका, प्रोसेसर दोन सेकंद तापला तरी मेल आलाच पाहिजे. दोन आठवड्यांत आउटलुकमध्ये एक नियम बनवून हे सगळं 'अलर्ट' नावाच्या फोल्डरमध्ये वळवण्याची बुद्धी तुम्हाला आपोआप होईल. माझ्या फोल्डरमध्ये अठरा हजार न वाचलेले मेल आहेत. त्या आकड्याकडे पाहिलं की आपण किती जागरूक आहोत याचं समाधान वाटतं.

तापमानाचा अलर्ट मात्र आपल्या गावात जरा नाजूक विषय आहे. सर्व्हर रूमसाठी साधारण १८ ते २७ अंशांची शिफारस असते. ती करणाऱ्यांनी मे महिन्यात नागपुरात मुक्काम केलेला नसावा, कारण नवतपात २७ अंश पहाटेसुद्धा मिळायची मारामार. आमची सर्व्हर रूम म्हणजे जिन्याखालची खोली. मागे एसी बंद पडला तेव्हा आम्ही तिथे डेझर्ट कूलर लावला. वाळ्याच्या टट्ट्या, नव्याकोऱ्या. दोन दिवस सर्व्हरला असा वास येत होता की अत्तराच्या दुकानात लॉगिन केल्यासारखं वाटावं. कूलरची हवा ओली असते आणि ओली हवा बोर्डांना चालत नाही, हे तिसऱ्या दिवशी एका पॉवर सप्लायने स्वतःच सांगितलं. तुम्ही असलं काही करू नका. तापमान मर्यादेच्या वर गेलं की मर्यादा वाढवा. सेटिंगमध्ये एकच आकडा बदलायचा असतो, विजेचं बिलही येत नाही.

आता डिरेक्टरीकडे येऊ. ॲक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज २००० बरोबर आली. कोण माणूस, कोणता कॉम्प्युटर, कोणाला काय उघडता येतं, याची ती ऑफिसची खतावणी. ती चालवायचा मूलमंत्र एकच: अडचण आली की समोरच्याला डोमेन ॲडमिन करा, म्हणजे सगळ्या ऑफिसच्या चाव्या त्याच्या हाती द्या. प्रिंट निघत नाही? डोमेन ॲडमिन. एक्सेल उघडत नाही? डोमेन ॲडमिन. माउस अडकतो? करून तर बघा. आमच्याकडे एकदा यादी काढली तेव्हा तिच्यात तीन साहेब, एक इंटर्न, ऑफिसातलं झेरॉक्सचं यंत्र आणि बरीच वर्षं रिटायर असलेले एक काका निघाले. गावजेवणाची पंगत असते तसं; बसला तो बसला, उठवायचं कसं?

जुना डोमेन कंट्रोलर काढताना त्याला डिमोट, म्हणजे रीतसर पदमुक्त, वगैरे करत बसू नका. वायर ओढा आणि कबाडीवाल्याला द्या. पुस्तकी लोक सांगतील की डोमेनमध्ये पाच खास जबाबदाऱ्या असतात आणि त्या आधी दुसऱ्या सर्व्हरकडे सोपवाव्या लागतात. सोपवल्या नाहीत तर लगेच काय होतं? काहीच नाही! मजा तिथेच आहे. नवा युजर बनवायचा तर त्याला एक आकडा लागतो, आणि हे आकडे प्रत्येक डोमेन कंट्रोलरला ५००-५०० च्या गठ्ठ्याने मिळतात. गठ्ठा वाटणारा सर्व्हर तुम्ही भंगारात दिला तरी हातातला गठ्ठा असतो की. छोट्या ऑफिसात तो कित्येक वर्षं पुरतो. मग एके दिवशी नव्या रिसेप्शनिस्टचं खातं उघडत नाही, सगळे तिचं नाव, आडनाव, स्पेलिंग तपासत बसतात, आणि ज्याने वायर ओढली तो तोवर पुण्याला लागलेला असतो.

जुना डोमेन कंट्रोलर भंगारात न देता कपाटात ठेवला असेल तर आणखी छान. वर्षभराने काढून लावा. डिरेक्टरीत खोडलेल्या नोंदीची खूण साधारण १८० दिवस ठेवली जाते. त्याहून जास्त दिवस झोपलेल्या सर्व्हरला कोण गेलं, कोण राहिलं याचा पत्ताच नसतो. तो उठतो आणि राजीनामा देऊन गेलेली माणसं पुन्हा यादीत दिसू लागतात. आमच्याकडे हे नेमकं पितृपक्षात झालं. साहेबांनी विचारलं, 'हे कसे परत आले?' मी म्हटलं, 'पंधरा दिवसच आहेत सर.'

खोडलेली नोंद परत आणायची रीसायकल बिन नावाची सोयही डिरेक्टरीत आहे, विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून. ती आपणहून सुरू नसते, एकदा सुरू केली की बंद करता येत नाही. ज्यातून माघार नाही अशा गोष्टीत मराठी माणसाने विचार करूनच पडावं. म्हणून आम्ही अजून विचार करतोय.

पासवर्ड दर ३० दिवसांनी बदलायला लावा. सक्तीने बदलून उपयोग नाही असं म्हणत मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपल्या शिफारशींतून मुदतीची ही अट काढून टाकली, पण मायक्रोसॉफ्टला आपल्या ऑफिसची शिस्त काय ठाऊक? जानेवारीत 'ऑरेंजसिटी१', फेब्रुवारीत 'ऑरेंजसिटी२', अशी लोकांची उजळणी होते. तीन वेळा चुकला की खातं बंद, हेही हवंच. आमच्या अकाउंटच्या ताईंचं खातं रोज सकाळी बंद व्हायचं. लॉगमध्ये ४७४० क्रमांकाची नोंद बघितली असती तर कोणत्या यंत्रावरून हे होतंय ते लिहिलेलंच होतं. पण लॉग वाचणं आपल्या तत्त्वात बसत नाही, म्हणून आम्ही त्यांचा कीबोर्ड बदलला, मग माउस, मग खुर्ची. महिन्याने कळलं की त्यांचा जुना मोबाइल घरी मुलगा गेम खेळायला घेतो आणि तो मोबाइल जुन्याच पासवर्डने ऑफिसचा मेल ओढायला बघतो.

बॅकअपबद्दल मी फार बोलत नाही. २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीचे दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर गेले. ते एकमेकांची नक्कल ठेवायचे, त्यामुळे सगळेच एकदम गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण नेमकी तिथली वीज गेली होती आणि तो बंद होता. त्या एकावरून सगळं पुन्हा उभं केलं. म्हणजे बघा, वीज जाणं हीसुद्धा बॅकअपची एक मान्यताप्राप्त पद्धत आहे, आणि त्या बाबतीत आपण घानाला हार जाणार नाही.

आमच्याकडे गेलीच. एका रविवारी रात्री. दोन्ही डोमेन कंट्रोलर एकाच मोठ्या सर्व्हरवर व्हर्च्युअल, म्हणजे एकाच खोक्यात सॉफ्टवेअरने मांडलेले, होते, कारण दोन असले पाहिजेत असं ऑडिटरने लिहिलं होतं. वेगवेगळ्या खोक्यांवर असले पाहिजेत असं लिहिलं नव्हतं. मॉनिटरिंगही त्याच सर्व्हरवर. त्यामुळे तो पडला तेव्हा तो पडल्याचं सांगणाराही पडला. पहाटे वीज आली, सगळं आपोआप उठलं, टीव्ही हिरवा झाला. फक्त त्या सर्व्हरच्या बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी मरायला टेकलेली होती, म्हणून वीज नव्हती तेवढा वेळ त्याचं घड्याळ थांबून राहिलं. जवळजवळ तीन तास मागे. आणि घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की कर्बेरॉस, म्हणजे लॉगिनची तिकिटं तपासणारी यंत्रणा, कोणाचं तिकीट मानत नाही. फाइल सर्व्हर (सगळ्यांचा झेड ड्राइव्ह तिथलाच) वेगळ्या खोक्यावर, त्याची वेळ बरोबर. त्याने आमच्या तिकिटांकडे एसटीच्या कंडक्टरसारखं पाहिलं आणि सगळ्यांना खाली उतरवलं.

नऊ पन्नासला ताईंचा फोन. 'भाऊ, झेड ड्राइव्ह उघडत नाही.'

'ताई, इथे सगळं हिरवं दिसतंय.'

'तुमच्या टीव्हीवर असेल हिरवं. माझ्याकडे झेडवर लाल फुली आहे. आणि आज २० तारीख आहे, जीएसटी भरायचा आहे.'

दुपारपर्यंत आम्ही काय काय केलं ते सांगत नाही. फाइल सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला, अँटीव्हायरस काढला, ताईंना डोमेन ॲडमिन केलं. घड्याळाकडे पाहिलं ते जेवायची वेळ झाली का हे बघायला. भिंतीवर दीड वाजला होता, स्क्रीनवर पावणेअकरा.

अहवाल लिहायची वेळ आली की आपली पद्धत पक्की ठेवा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणारा पुतळा, निघते तशी दोषाची मिरवणूक काढायची: घड्याळ, बॅटरी, यूपीएस, सगळं घेऊन जा गे मारबत! आणि बडग्या, म्हणजे मारबतीसोबतचा पुरुषाचा पुतळा, म्हणून कंपनी सोडून गेलेल्या शेवटच्या माणसाचं नाव लिहायचं. तो वाद घालायला येत नाही.

एक चूक मात्र माझ्याकडून झाली. वीज नेमकी कधी गेली ते अहवालात हवं होतं आणि तिन्ही टूलच्या लॉगमध्ये त्या जागी भोक होतं. म्हणून मी गेटवरच्या चौकीदार काकांना विचारलं. त्यांनी टेबलाखालून रजिस्टर काढलं. लांबट, लाल कापडी पाठीचं, दोरीला पेन बांधलेलं. त्यात निळ्या शाईत लिहिलं होतं: 'रात्री २.१० लाईन गेली. जिन्याखालच्या खोलीतून पीं पीं आवाज. २.३४ आवाज बंद. ५.२० लाईन आली.' मी मागची पानं चाळली. १४ तारखेला पीं पीं. ९ तारखेला पीं पीं, 'साहेबांना फोन केला, उचलला नाही.' साहेब म्हणजे मी. पीं पीं म्हणजे आमचा यूपीएस. एप्रिलच्या एका नोंदीत कूलरचं पाणी खोलीत सांडल्याचंही होतं, वेळेसकट.

'काका, हे सांगितलं का नाही?'

'मी तं रोज लिहून ठेवतो. कोणी वाचतच नाही तं काय करू?'

पुढच्या सोमवारच्या बैठकीत मी हे रजिस्टर दाखवलं. तिथे दोन निर्णय झाले. दुसरा टीव्ही घ्यायचा, या वेळी पासष्ट इंची. आणि काकांची ड्यूटी मागच्या गेटवर लावायची, कारण सर्व्हर रूमचे आवाज ऐकण्याचा अधिकार त्यांना कोणी दिला, हा प्रश्न ऑडिटरने विचारला तर आमच्याकडे उत्तर नव्हतं.