सातेरीची राई आणि डिमीटरची कुऱ्हाड

गेल्या महिन्यात गावाहून दादाचा फोन आला. आमचं गाव सिंधुदुर्गात, ग्रामदैवत सातेरी. गाभाऱ्यात मूर्ती नाही, वारूळ आहे. देवळाभोवती राई: किंजळ, सातवीण, बेहडा आणि मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली. तिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, हा आजीचा दंडक होता. आता सभामंडप वाढवायचा आणि गाड्या लावायला जागा करायची म्हणून राईची पूर्वेकडची बाजू साफ करायचं चाललंय. मी विचारलं, "दादा, कौल लावलात?" तो म्हणाला, "अरे, देवीचाच काम आसा. देवी कित्याक नाय म्हणतली?"

मी अकरा वर्षं अथेन्समध्ये राहतोय. दादाचं बोलणं ऐकलं आणि मला इथल्या पुराणकथेतला एरिसिक्थॉन आठवला.

थेसलीच्या मैदानात धान्याची देवी डिमीटर हिची राई होती. राजा ट्रायोपसचा हा मुलगा वीस गडी आणि कुऱ्हाडी घेऊन तिथे घुसला. पहिला घाव आभाळाला टेकलेल्या एका झाडावर पडला. देवी पुजारणीचं रूप घेऊन आली आणि गोड शब्दांत म्हणाली, बाळा, देवाची झाडं आहेत, थांब. तो म्हणाला, बाजूला हो, नाहीतर कुऱ्हाड तुझ्यात रुतवीन. या लाकडांनी मला माझ्या दिवाणखान्याचं छप्पर घालायचंय, तिथे मित्रांना रोज जेवणावळी द्यायच्यात. डिमीटरने त्याला न शमणारी भूक दिली. घरातली गुरं संपली, शर्यतीचा घोडा संपला, मांजरसुद्धा संपलं. शेवटी राजाचा मुलगा तिठ्यावर बसून खरकटं मागू लागला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कॅलिमाकस या कवीने ही कथा अशी सांगितली आहे. पुढे रोमन कवी ओव्हिडने ती आणखी ताणली. त्याच्या कथेत एरिसिक्थॉन स्वतःचंच मांस खातो.

या मैदानाच्या कडेला बोइबेइस नावाचं सरोवर होतं. आताचं नाव कार्ला. शेतजमिनीसाठी १९६२ मध्ये ते आटवलं. सप्टेंबर २०२३ मध्ये डॅनियल वादळाचा पाऊस कोसळला आणि थेसलीतलं पाणी पुन्हा त्याच खोलगट जागेत येऊन बसलं, शेतं आणि घरं बुडवून. याला मी देवीचा कोप म्हणणार नाही. पाण्याला आपली जागा ठाऊक असते, एवढंच म्हणेन.

ग्रीक निसर्गदेवता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संगमरवरी पुतळे येतात, झाडांत राहणाऱ्या वनदेवता, झऱ्यांतल्या जलदेवता. माझ्याही येत असत. इथे राहून कळलं की त्या देवतांच्या मागे नियम होते, आणि नियम कडक होते. प्राचीन ग्रीक कवी हेसिअड शेतकऱ्याला बजावतो: नदीकडे पाहून प्रार्थना केल्याशिवाय, हात धुतल्याशिवाय पाण्यात पाय घालू नकोस, झऱ्यात लघवी करू नकोस. अथेन्सच्या इलिसोस नदीबद्दल इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला एक शिलालेख आहे. हेराक्लीजच्या देवस्थानाच्या वरच्या अंगाला नदीत कातडी भिजवायची नाहीत, कमवायची नाहीत, घाण टाकायची नाही, असं त्यात स्पष्ट कोरलंय. अथेन्सची देवी अथीना हिच्या पवित्र ऑलिव्हची तर सरकारी तपासणी व्हायची. लोकांना कोर्टातली भाषणं लिहून देणाऱ्या लिसियसचं एक भाषण आहे: एका शेतकऱ्यावर पवित्र ऑलिव्हचा खुंट उपटल्याचा आरोप आहे, आणि गुन्हा शाबीत झाला तर हद्दपारी आणि मालमत्ता जप्त. एका खुंटासाठी!

मग देव गेले. त्याच इलिसोसवर विसाव्या शतकात रस्ते टाकले. आगिया फोतिनी चर्चपाशी तिचा थोडा उघडा पट्टा उरलाय. शेजारच्या खडकावर पॅन या रानदेवाची आकृती कोरलेली आहे, इतकी झिजलेली की दाखवल्याशिवाय दिसत नाही. मी रविवारी तिथे जातो. वर गाड्यांचा आवाज, खाली बोरू आणि सांडपाण्याचा वास.

पण देव गेल्यावर ग्रीकांनी एक काम केलं. १९७५ च्या राज्यघटनेत, कलम ११७ मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की आगीत जळालेलं जंगल पुन्हा जंगलच करायचं, दुसऱ्या कशासाठी वापरायचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अथेन्सजवळच्या पेंतेली डोंगरावरची आग शहराच्या वेशीपर्यंत आली, तेव्हा आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राख पडत होती. शेजारच्या आजी राख झटकत म्हणाल्या, "आता तिथे कुणाला बांधू देऊ नका म्हणजे झालं." कायदा असून इथे जंगलात चोरटी घरं उठलीच आहेत. पण आजींना हक्काने बोट ठेवायला एक कलम आहे.

आपल्याकडे २०२५ च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनावरून वाद पेटला: २०२७ च्या कुंभमेळ्यात साधुग्रामासाठी झाडं तोडायची की नाही. एक बाजू म्हणाली, श्रद्धेच्या आड झाडं आणू नका. दुसरीकडून काहींचा सूर होता, धर्म बाजूला ठेवा, नुसतं पर्यावरणाचं बोला. दोन्ही मला पटत नाहीत. तपोवन या नावातच वन आहे, तिथे झाडाची बाजू घेणारा श्रद्धेच्या विरोधात कसा? आणि देव बाजूला ठेवला तर आमची राई इतकी शतकं कुणी राखली, याचं उत्तर काय द्यायचं? देशपांडे-पाटलांच्या हुकमाने नाही राखली. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं तेही हेच की माणसांनी देवाच्या नावाने हात आवरला होता. तो आवरलेला हात म्हणजेच पूजा, असं मी मानतो. मंडप त्यानंतरचा. देवीचंच काम आहे म्हणून देवीला विचारायचं नाही, हे मला भयंकर वाटतं, कारण एरिसिक्थॉन निदान स्वतःच्या जेवणावळीसाठी तोडत होता. देवळासाठी तोडतो असं म्हणाला नव्हता.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. मांजर खाल्ल्याचं ऐकून तो हसला, मग बराच वेळ गप्प राहिला. संध्याकाळी त्याने फोटो पाठवला. ज्या किंजळीखाली पालखी टेकते तिच्या खोडावर लाल रंगात आकडा घातलाय, १४. खाली त्याने लिहिलंय, "गुरवाक सांगितलंय. सोमवारी कौल लावतत."