मुलांना स्क्रीनसमोर खिळवून ठेवण्याची हमखास पद्धत

सर, मॅडम, तुमच्या ऑनलाइन तासाला मुलांचं लक्ष नसतं अशी कुजबुज कानावर आली. घाबरू नका. २०२० च्या जूनमध्ये आपल्या शाळांनी घाईघाईत जे शास्त्र जन्माला घातलं, ते आता छान मुरलंय. आणि ते अजून लागतं. रेड अलर्टमुळे शाळा बंद असा निरोप फिरला की रात्री उशिरा ग्रुपवर लिंक येऊन पडतेच. तेव्हा वही काढा.

तास हजेरीने सुरू करावा आणि जमलं तर हजेरीनेच संपवावा. झूमच्या फुकट मीटिंगला ४० मिनिटं मिळतात. पट साठचा. प्रत्येकाचं नाव पुकारायचं, त्याने अनम्यूट व्हायचं, "येस मॅडम" म्हणायचं आणि म्यूट व्हायला विसरायचं, मग कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या सगळ्या वर्गाने मोजायच्या. आडनावांच्या यादीत वाघमारे, शेळकेपर्यंत पोचेस्तोवर मीटिंग आपसूक बंद पडते. चार मिनिटं उरलीच, तर "आवाज येतोय का?" आणि "माझी स्क्रीन दिसतेय का?" हे विचारत राहा. अहवालात पुढे लिहा: प्रश्नोत्तर पद्धत वापरली.

केंद्राने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पहिली ते आठवीला दिवसात ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं, नववी ते बारावीला चार. या सूचनांची प्रिंट काढून फाइलला लावावी. वेळापत्रकाला लावू नये. पालकांनी फी आठ तासांची भरलीय, आणि पीटीच्या सरांनाही पोट आहे. "मुलांनो, आता सगळ्यांनी धावल्याची कल्पना करा" असं पीटीच्या तासाला म्हणता येतं, म्हटलंही गेलंय.

आता कॅमेरा. झूममध्ये पूर्वी एक फार गोड सोय होती. स्क्रीन शेअर चालू असताना मुलाने ३० सेकंदांहून जास्त वेळ दुसरीच विंडो उघडून ठेवली, की त्याच्या नावापुढे खूण दिसायची. खासगीपणाची ओरड झाली आणि कंपनीने एप्रिल २०२० मध्ये ती सोय काढून टाकली. म्हणजे आपली शाळा ऑनलाइन भरण्याआधीच! ही उणीव तुम्हीच भरून काढायची. "कॅमेरा ऑन कर" हे वाक्य दर तीन मिनिटांनी आलं पाहिजे, मग समोर पायथागोरस असो की पानिपत. दहा बाय बाराच्या खोलीत मागे आजोबा बनियनवर झोपलेत, आई भांडी घासतेय, म्हणून पोरगं कॅमेरा लावत नसेल तर त्याला सर्वांसमोर कारण विचारा. वर्गातली बाकीची ५९ मुलं त्या क्षणी पूर्ण एकाग्र होतात. एवढी एकाग्रता फळ्यासमोर कधी दिसली होती का?

काही मुलं मात्र मुळातच बेशिस्त. घरात स्मार्टफोन एकच, तो सकाळी बाबांबरोबर ड्युटीला जातो, आणि राहिलेल्या वेळेत थोरल्या बहिणीचा बारावीचा तास असतो. कोकणातली काही तर रेंजसाठी डोंगर चढून बसायची. अशांची नावं रोज संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर 'अनियमित विद्यार्थी' या मथळ्याखाली टाकावीत. नेटपॅक संपलेल्या पालकाला ती दिसणार नाहीत, पण शेजाऱ्यांना दिसतील, आणि निरोप पोचेल.

एका मोहापासून जपा. सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' लागायची. घरातल्या, परसातल्या गोष्टी घेऊन मुलांनी काही करून बघावं अशी त्यातली रीत. इंटरनेट नको, लॉगिन नको. मुलं बघायचीही, पण हजेरी कोण लावणार? स्क्रीनशॉट कशाचा काढणार? मूल चुलीपाशी बसून वाफेचा विचार करतंय याची नोंद कुठल्या एक्सेलमध्ये करता येते, हे मुख्याध्यापकांनी विचारलं तर तुम्ही काय सांगाल?

परिणाम काय झाला असं कोणी खवचटपणे विचारलंच, तर २०२१ चा दहावीचा निकाल तोंडावर फेका. बोर्डाची परीक्षा रद्द, अंतर्गत मूल्यमापन, निकाल ९९.९५ टक्के. त्या दिवशी निकाल बघायला राज्यभरातली मुलं एकाच वेळी ऑनलाइन आली आणि संकेतस्थळ कोलमडलं. आख्ख्या वर्षात कुठल्याही विषयाच्या सरांना एवढी उपस्थिती मिळाली नव्हती.

शेवटची सूचना नवख्यांसाठी. कधीतरी तास संपतो, चौकटी फटाफट विझतात, आणि एखादी मुलगी मागे राहते. "सर, ते मघाचं ऋण गुणिले ऋण धन का होतं, ते नाही कळलं," म्हणते. गोंधळून जाऊ नका. तुम्हाला उपस्थितीचा गूगल फॉर्म पाच वाजायच्या आत भरायचाय, आणि त्यात असल्या मुलीसाठी रकाना नाही. खाली उजवीकडे लाल बटण असतं. त्यावर 'सर्वांसाठी मीटिंग संपवा' असा पर्याय येतो, तो निवडा. नुसतं आपणच बाहेर पडलात तर ती तिथेच बसून राहील.