घोडबंदर रोडवरील होतकरू बंदूकसंग्राहकांस

आपण ठाण्यात, घोडबंदर रोडवरच्या एखाद्या संकुलात विसाव्या-पंचविसाव्या मजल्यावर राहत असाल, गृहकर्जाचे हप्ते संपत आले असतील, आणि रविवारी दुपारी मटणाच्या जेवणानंतर आपल्या रक्तात पूर्वजांचे काहीतरी खळखळते आहे असा भास होत असेल, तर ऑनलाइन लिलावातून जुनी, संग्राह्य बंदूक विकत घेण्यास आपण सर्वथा पात्र आहात. नाणी आणि टपालतिकिटे जमवणे हा शाळकरी वयाचा उद्योग झाला. जुनी घड्याळे जमवणाऱ्याला कोणी शूर म्हणत नाही. बंदुकीचे तसे नाही. ती भिंतीवर असली की तिच्याखाली बसून पोहे खाणारा माणूसही सरदार घराण्यातला वाटू लागतो.

आपल्यापुढे थोर उदाहरणही आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात रघुजी भोसले यांची तलवार विक्रीस निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती मध्यस्थामार्फत, सगळा खर्च धरून सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली. ती बातमी वाचून ‘मग मीच का मागे राहू?’ असे आपल्या मनात आले असेल तर त्यात गैर काहीच नाही. शासनापाशी तिजोरी आहे, पुरातत्त्व खाते आहे, मंत्री आहेत. आपल्यापाशी क्रेडिट कार्ड आहे. शिवाय शासनाला शस्त्रपरवाना कोणी विचारत नाही, हा फरक इतका बारीक आहे की त्यासाठी उत्साह आवरण्याचे कारण नाही.

प्रथम दुकान निवडावे. ईबेवर शोधण्यात वेळ घालवू नये, कारण तेथे १९९९ पासून बंदुका विकायला मनाई आहे. अमेरिकेत खास बंदुकांच्याच लिलावाची संकेतस्थळे आहेत आणि आपले भवितव्य तेथे आहे. तेथेही बोली जिंकल्यावर बंदूक घरी येत नाही, ती परवानाधारक विक्रेत्याकडे जाते आणि तेथे गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासून मगच हातात मिळते; मात्र १८९८ पर्यंत बनलेली बंदूक तिथल्या केंद्रीय कायद्याने ‘पुरातन’ ठरते आणि या जाचातून सुटते. त्यामुळे १८९८ हे साल विक्रेत्यांना अतिशय प्रिय आहे आणि त्या एका वर्षात अमेरिकेत बंदुकांखेरीज दुसरे काही बनलेच नसावे असे त्यांच्या जाहिराती वाचून वाटते. हा कायदा १९६८ चा. त्याआधी टपालाने सरळ घरपोच रायफल मिळत असे. मार्च १९६३ मध्ये ऑस्वाल्ड नावाच्या इसमाने खोट्या नावाने शिकागोच्या दुकानातून एक इटालियन कार्कानो रायफल दुर्बिणीसह १९ डॉलर ९५ सेंटला मागवली, टपालखर्च वेगळा. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे काय झाले ते आपण जाणताच. इतक्या स्वस्तात इतका इतिहास नंतर कोणाच्याही वाट्याला आलेला नाही.

लिलाव बहुधा तिकडच्या रविवारी रात्री नऊच्या सुमारास संपतात, म्हणजे न्यू यॉर्कच्या घड्याळाप्रमाणे पाहिले तर आपल्याकडे सोमवारची सकाळ, उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. ही वेळ फार सोयीची आहे. ठाणे स्थानकात फास्ट लोकलच्या दारात एका हाताने दांडी धरून उभे असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दोनशे डॉलर वाढवता येतात, आणि मागच्या माणसाने धक्का दिला तर दोन हजारही वाढतात. काही संकेतस्थळांवर शेवटच्या पंधरा मिनिटांत बोली आली की मुदत आणखी पंधरा मिनिटांनी लांबते, त्यामुळे घाटकोपरला सुरू झालेली चढाओढ दादरपर्यंत पुरते. समोरून सारखी बोली चढवणारा कोण, याचा विचार करू नये. तो विक्रेत्याचा मेहुणा असू शकतो, पण मेहुण्यालाही जुन्या वस्तूंची आवड असू शकते.

आता वस्तूचे वर्णन कसे वाचावे, याकडे वळू. ही विद्या सावकाश शिकण्यासारखी आहे. ‘आजोबांच्या माळ्यावर सापडली’ असे लिहिले असेल तर निर्धास्त व्हावे. ज्या विक्रेत्याच्या खात्यावर चारेकशे बंदुका विकल्याची नोंद आहे त्यालाही एकच आजोबा होते आणि एकच माळा होता. माणूस कष्टाळू होता, एवढेच त्यावरून सिद्ध होते. ‘मला बंदुकांतले काही कळत नाही’ हे वाक्य तर प्रामाणिकपणाची परिसीमा मानावी, कारण ज्याला काही कळत नाही तो खोटे तरी कसे बोलेल? छायाचित्रे बारकाईने पाहावीत. बंदूक फुलाफुलांच्या चादरीवर ठेवलेली असते, चादरीची प्रत्येक पाकळी स्वच्छ दिसते, कोपऱ्यात मांजर दिसते, मांजराच्या मिशा मोजता येतात. फक्त जेथे क्रमांक कोरलेला असतो तेवढीच जागा धुक्यात गेलेली असते. याला कॅमेऱ्याचा दोष समजावे.

क्रमांकांना या छंदात फार मान आहे. जर्मन ल्युगर पिस्तुलाच्या बारीकसारीक भागांवर क्रमांक ठोकलेले असतात आणि ते सगळे जुळले तर किंमत चांगलीच वाढते. अर्थात किंमत वाढते म्हटल्यावर क्रमांकही जुळू लागतात, कारण जुना आकडा घासून त्या जागी नवा ठोकायला हातोडी आणि थोडी चिकाटी याखेरीज काही लागत नाही.

पण खरा रसिक ओळखावा तो पेशावरजवळच्या दर्रा आदमखेलच्या मालावरून. तिथल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजांच्या मार्टिनी-हेन्री रायफलींच्या हुबेहूब नकला घडवल्या आणि आजही त्या अस्सल म्हणून लिलावात येतात. अशा एखाद्या बंदुकीचा घोड्याशेजारचा भाग छायाचित्र मोठे करून पाहावा. वर किंचित कलंडलेला मुकुट असतो. त्याखाली व्हिक्टोरिया राणीची ‘व्ही. आर.’ ही आद्याक्षरे; त्याखाली एन्फिल्ड कारखान्याचे नाव, ज्यातले ‘एन’ हे इंग्रजी अक्षर आरशात पाहिल्यासारखे उलटे; आणि सर्वांत खाली १९०७ हे साल. राणी १९०१ च्या जानेवारीत वारली. तिच्या पश्चात सहा वर्षे तिच्या नावाने बंदुका घडवणाऱ्या सरहद्दीवरच्या पठाणांची ही राजनिष्ठा पाहून आपला ऊर भरून यायला हवा आणि बोली निदान शंभर डॉलरने वाढायला हवी. ईस्ट इंडिया कंपनीची बदामाच्या आकाराची मुद्रा असलेल्या चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडवणाऱ्या बंदुकाही अशाच भरपूर निघतात. अफगाणिस्तानात आलेल्या परदेशी शिपायांनी त्या हौसेने विकत घेऊन घरी नेल्या, आणि कंपनी बुडून सव्वाशे वर्षे होऊन गेल्यावरही तिचे उत्पादन थांबले नव्हते, हे आपल्या बंद पडलेल्या कारखान्यांनी शिकण्यासारखे आहे.

पैशाचे फारसे बोलू नये. मोठी लिलावगृहे बोलीच्या रकमेवर सुमारे पाव हिस्सा स्वतःचा म्हणून लावतात, पुढे विमा, वाहतूक आणि सीमाशुल्क असते. घरी सांगताना फक्त सुरुवातीची बोली सांगावी.

बोली जिंकल्यावर आपल्या ध्यानात येईल की बंदूक अमेरिकेत आहे आणि आपण कासारवडवलीत आहोत. परदेशातून शस्त्र आणायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १० प्रमाणे वेगळा परवाना लागतो आणि तो आपल्याला देण्याची शासनाला अजिबात घाई नाही. न्हावा शेवा बंदर आपल्या इतके जवळ असूनही काही उपयोग नाही, ही नवी मुंबईकरांची आणि आपली समान व्यथा आहे. येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी ४१० बोअरच्या, एका वेळी एकच बार काढणाऱ्या मस्केट बनत असत. त्यातल्या पुष्कळशा निकालात निघून अमेरिकेत गेल्या आणि आज तिथले संग्राहक त्या हौसेने दिवाणखान्यात लावतात. म्हणजे पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेल्या आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेल्या ठाण्याच्या किल्ल्यात, जेथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, तेथल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर शोभली असती अशी वस्तू आपण डॉलर मोजून घ्यायची, आणि ती घरी मात्र यायची नाही.

म्हणून शहाणा संग्राहक शेवटी देशातल्याच विक्रेत्याकडे वळतो, आणि येथे त्याला या छंदाचे खरे तत्त्वज्ञान शिकावे लागते. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये एक सूट आहे. जे शस्त्र अप्रचलित नमुन्याचे, पुरातन मोलाचे किंवा नादुरुस्त आहे आणि दुरुस्त करून वा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. बहुतेक हौशी माणसे यातले ‘पुरातन’ एवढेच वाचतात आणि पुढचा भाग लोकलमध्ये वाचायचा म्हणून ठेवून देतात. आपण तसे करू नये. आपण एकाच बंदुकीबद्दल दोन श्रद्धा बाळगायला शिकावे. विक्रेता म्हणतो, ‘साहेब, आजही बार काढा, पन्नास पावलांवर नारळ फुटतो’. म्हणून आपण किंमत मोजतो. पावतीवर तोच लिहितो, ‘शोभेची वस्तू, निकामी’. म्हणून आपण निश्चिंत होतो. मित्रांपुढे बंदूक जिवंत असावी, पोलिसांपुढे मेलेली असावी, आणि शंभर वर्षांहून जुनी म्हणून विकणाऱ्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखालचा विक्रीपरवाना आहे का, हा प्रश्न दोघांपुढेही निघू नये.

हे द्वैत ज्यांना झेपत नाही त्यांनी सरळ परवाना काढावा. ठाण्यात त्यासाठी पोलीस आयुक्तालयात अर्ज करावा लागतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. दोन वस्तूंच्या समूहाला संग्रह म्हणता येईल का, हे आपण ठरवावे. अर्जात कारण लिहायचे असते. आपल्या जिवाला धोका आहे असे लिहावे तर कोणापासून हे सांगावे लागते; पिकाचे रक्षण लिहावे तर बाल्कनीत तुळस आणि कढीपत्ता आहे. पुढे चौकशीला हवालदार सोसायटीत येतो आणि आपल्या वर्तणुकीबद्दल सचिवांना विचारतो. त्याच संध्याकाळी सचिव लिफ्टमध्ये आपल्या खांद्यावर हात ठेवून अत्यंत मऊ आवाजात म्हणतात, “साहेब, पार्किंगचं आपण पुढच्या मीटिंगमध्ये बघू ना. वरच्यांच्या बाथरूमची गळतीपण काढून घेतो. इतकं मनाला कशाला लावून घेता?” परवाना मिळाला नाही तरी अर्जाचा एवढा लाभ पदरात पडतो, आणि मिळालाच तर निवडणुका आल्या की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. लोकसभा, विधानसभा आणि महापालिका यांचा क्रम पाहता बंदुकीला आपल्यापेक्षा पोलीस ठाण्याचीच सवय अधिक होईल.

पण आपण श्रद्धावान आहात, निकामी बंदूक घेऊन बिनपरवाना आनंदात राहणार आहात असे धरून पुढचे सांगतो. चकमकीची लांब बंदूक साधारण दीड मीटरच्या आसपास असते. ती लिफ्टमधून पडद्याची दांडी म्हणून न्यावी. भिंतीवर टीव्ही असल्यामुळे तिला पलंगाच्या खणात, हिवाळ्यातल्या रजयांबरोबर झोपवावे. खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तिला जो गंज चढवील तो अस्सल असेल, आणि या सगळ्या व्यवहारातली ती पहिलीच अस्सल गोष्ट असेल. जुन्या धातूवर काळाने चढवलेले काळपट पूट कधीही घासू नये, त्यानेच किंमत असते, असा जगभरच्या संग्राहकांचा दंडक आहे. हा दंडक घरकाम करणाऱ्या मावशींना आधीच समजावून द्यावा. नाही तर दिवाळीच्या साफसफाईत त्या पितळी पट्ट्यांना चिंच आणि ठाण्याची ती प्रसिद्ध पावडर लावतात, आणि दोनशे वर्षे अर्ध्या तासात उतरवून वर “बघा दादा, कशी सोन्यासारखी दिसते” असे अभिमानाने म्हणतात.

दसऱ्याला मात्र तिला बाहेर काढल्यावाचून राहवणार नाही. पाटावर लाल कापड, त्यावर बंदूक, नळीला झेंडूची माळ, दस्त्यावर हळदकुंकू, शेजारी मुलाचा लॅपटॉप आणि स्वयंपाकघरातली विळी. छायाचित्र फार सुंदर येते. ते मुलगा इन्स्टाग्रामवर टाकतो, खाली मिशांवर ताव देणारे ओळभर शब्द लिहितो, आणि तलवारीने केक कापणाऱ्यांवर आर्म्स ॲक्ट लागल्याच्या बातम्या याच शहरात वाचलेल्या असूनही आपण त्याला बदाम देतो. दोन दिवसांनी पोलीस येतात. ते अतिशय सभ्यपणे बसतात, पाणी घेतात, पंचनामा करतात, पंच म्हणून सचिवांची सही घेतात आणि बंदूक कापडात शिवून, लाख लावून, सीलबंद करून नेतात.

पुढचा निर्णय सांताक्रूझला, कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत होतो, कारण वस्तू बंदूक म्हणून चालू शकते की नाही हे सांगायला तेथे तज्ज्ञ बसलेले आहेत. अहवाल ‘चालते’ असा आला तर वस्तू अस्सल ठरते, विक्रेता शब्दाला जागणारा ठरतो आणि आपल्यावर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा खटला उभा राहतो. ‘चालत नाही व दुरुस्त करूनही चालणार नाही’ असा आला तर आपण निर्दोष सुटता, आणि नळाच्या पाइपाला सागवान जोडून तो आपल्याला काही लाखांना विकला गेला, हे सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध होते. यांपैकी कोणत्या अहवालासाठी नवस बोलायचा ते कौपिनेश्वराच्या देवळात जाण्यापूर्वी घरीच नक्की करून निघावे, कारण सोमवारी तेथे रांग मोठी असते आणि गाभाऱ्यापुढे विचार करत उभे राहिलेल्या माणसाला मागचे लोक पुढे ढकलतात.